बसून करायचं काम का सोडलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "हात धड आहेत, डोकं धड आहे, मग बसून करायचं काम का सोडलंत?" लग्नात भेटलेले पाहुणेही मला हेच विचारतात. त्यांना वाटतं, पाय गेले म्हणजे फक्त चालणं गेलं.

मी फौजेत होतो. जम्मूकडे गाडी दरीत गेली आणि मणका मोडला. छातीखाली काही कळत नाही. खडकीत मणका मोडून पाय गेलेल्या जवानांसाठी १९७४ पासून पॅराप्लेजिक सेंटर आहे. तिथे मला आधी कातडी सांभाळायला शिकवलं. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. एकाच जागी दाब राहिला तर कातडी मरते. दुखत नाही, म्हणून तर उचलायचं.

नोकरी हिशेबाची होती, मनापासून आवडायची. पण संडासाचं दार चोवीस इंची आणि माझी खुर्ची सव्वीस. दर चार तासांनी लघवी काढायला कॅथेटर, म्हणजे नळी, घालावा लागतो, तो घालणार कुठे? मग मी पाणीच पिणं सोडलं. व्हायचं तेच झालं, लघवीचं इन्फेक्शन. आम्हाला जळजळ कळत नाही. पाय आपोआप झटके देऊ लागले, हुडहुडी भरली, तेव्हा समजलं.

महिनाअखेरीच्या घाईत बूड उचलायचंही राहून गेलं. रात्री बायकोने माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग पाहिला. बोटाने दाबला, पण लाली हटेना. दोन दिवसांत कातडी फाटली. अडीच महिने मी पालथा पडून होतो. साहेब म्हणाले, "तुम्हाला पेन्शन आहे ना?"

आहे, आणि घर तिच्यावरच चालतं. पण सकाळी दाढी करून, आपली वाट बघणाऱ्या टेबलापाशी पोचायचं, हे पेन्शनीत मिळत नाही.

काहीजण मुरलीकांत पेटकरांचं नाव घेतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या या आपल्या सांगलीकडच्या जवानाने १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये, म्हणजे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये, पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण माझी नोकरी जिद्द कमी पडली म्हणून गेली नाही, दार दोन इंच कमी पडलं म्हणून गेली.

सध्या घरी दोन दुकानांचे हिशेब बघतो, पुष्कळदा पालथं पडून, छातीखाली उशी घेऊन. संडासाला छत्तीस इंची दार आणि दुपारी अर्धा तास आडवं व्हायला एक बाक, एवढं जिथे असेल तिथे मी उद्या सकाळी रुजू होईन.