मघाशी होतं ते

आत्याचा फोन येतो तो दुपारी अडीचच्या सुमाराला, मागचं आवरून झालं की. मिरजेहून, तोही लँडलाइनवरून. हातात मोबाइल असतोच, पण तक्रार त्याच्याबद्दलच असते, आणि फिर्याद देताना आरोपी डोळ्यांसमोर हवा. "हॅलो" म्हणायची तिला सवय नाही. गेली चार वर्षं तिचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे. "अरे, मघाशी होतं ते कुठं गेलं?"

"ते" म्हणजे काहीही. कुणाच्या नातीचं बारसं, आंबेहळदीच्या लोणच्याची कृती, कृष्णाघाटावर चढलेल्या पाण्याचा व्हिडिओ. ती बघत असते, तेवढ्यात दार वाजतं. पार्सलवाल्याला शेजारचं घर दाखवून परत येते, तर पडद्यावर भलतंच काहीतरी. बारसं नाही, लोणचं नाही. कुठल्याशा देशातला एक माणूस तलवारीनं कलिंगड कापतोय.

मी याच धंद्यातला. पुण्यात बसून कुठलं बटण पडद्यावर कुठं असावं याच्या मीटिंगा करणं हे माझं पोटापाण्याचं काम. आत्या वापरते ती सेवा, म्हणजे लोकांनी टाकलेले फोटो, व्हिडिओ, बातम्या एकाखाली एक दाखवणारं ते ॲप, आमची नव्हे, हे मी तिला बऱ्याचदा सांगितलंय. पण तिच्या लेखी सगळे कॉम्प्युटरवाले एकाच घरचे. त्यामुळे जाब मलाच. "तुम्ही लोकांनी हलवलंत ना ते?"

गेल्या श्रावणात मात्र तिचा आवाज वेगळा होता. तिनं एक फोटो पाहिला होता. १९६६ चा, तिच्या अकरावीच्या वर्गाचा. मुली बाकांवर, मुलगे मागं उभे, मधोमध टोपीवाले मास्तर. कुणी टाकला होता ते बघायचं राहिलं, कारण ती त्यात स्वतःला शोधत होती. दुसऱ्या रांगेपर्यंत पोचली आणि गॅसवर दूध वर आलं. दूध उतरवून, ओटा पुसून आली, तोवर कलिंगडवाला हजर.

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? खाली ओढून बघितलं."

मी कपाळाला हात लावला. पडदा खाली ओढला की ताजा मजकूर यावा, ही युक्ती २००९ च्या सुमाराला लॉरेन ब्रिक्टर नावाच्या तरुणानं ट्वीटी या ट्विटर वाचायच्या ॲपसाठी काढली. मोठी देखणी युक्ती, बघता बघता सगळ्यांनी उचलली. पण हरवलेली वस्तू शोधताना माणूस आधी काय करतो? हाताशी येईल ते ओढतो, उचकतो. इथं शोधायला म्हणून जे करावं, त्यानंच शोधायची गोष्ट आणखी दूर जाते. आत्यानं पाच वेळा ओढलं. पाच वेळा नवं ताट वाढलं गेलं आणि पाच वेळा आधीचं उचललं गेलं.

यामागचं तांत्रिक कारण तिला सांगून पाहिलं. फोनची स्मरणशक्ती मर्यादित असते, आपण दुसरीकडे गेलो की तो मागचं विसरतो, परत आलो की नव्यानं मागवतो. ती म्हणाली, "मी शहात्तर वर्षांची आहे, मला आठवतंय. त्याला काय धाड भरलीय?"

उत्तर आहे, पण ते तिला देणं जिवावर येतं. मागचं जपून ठेवता येतं. ठेवत नाहीत, कारण जुनं परत बघणाऱ्यापेक्षा नवं बघत राहणारा माणूस धंद्याला बरा.

एकेकाळी या सगळ्याला पानं असायची. खाली १, २, ३ असे आकडे, पुढच्या पानावर जायला बटण. २००६ मध्ये एझा रॅस्किन या, माझ्यासारखंच पडद्यांची मांडणी करणाऱ्या गृहस्थांनी ते बटण काढून टाकायची वाट दाखवली: तळाशी पोचायच्या आतच पुढचं येऊन जोडलं जाईल, सरकत राहा. पुढं त्यांनी या करामतीबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. गंमत अशी की त्यांचे वडील जेफ रॅस्किन, म्हणजे १९७९ मध्ये ॲपलमध्ये मॅकिंटॉश या संगणकाचं काम सुरू करणारा माणूस, यंत्रानं माणसाच्या कलानं घ्यावं हे जन्मभर सांगत राहिले. बाप तसा बेटा म्हणावं की न म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. पानं गेली त्याबरोबर पत्ताही गेला. "तिसऱ्या पानावर, खालून दुसरं" असं आता कशालाच म्हणता येत नाही.

आत्या रोज सकाळी पोथी वाचते. वाचून झालं की ओव्यांवर मोरपीस ठेवून मिटते. दुसऱ्या दिवशी उघडली की मोरपीस तिथंच, ओवीही तिथंच. माझी पहिली सूचना एवढीच आहे. सेवेनं मोरपीस द्यावं. "इथवर पाहून झालं" अशी एक रेघ, आणि रेघेच्या वरचं कुणी हलवायचं नाही. जपून ठेवायला "सेव्ह" असतं हे मला माहीत आहे, पण ते तीन ठिपक्यांच्या आड, त्यातही पाचव्या ओळीत. दूध वर आलेलं असताना माणूस तिथवर पोचत नाही.

बटणांबद्दल तिचं जे म्हणणं आहे त्याला माझ्याकडे उत्तरच नाही, कारण तिथं मीही गुन्हेगार आहे. दर चार-सहा महिन्यांनी तिचं ॲप कात टाकतं. काल खाली मधोमध होतं ते आज वरच्या कोपऱ्यात, आणि मधोमध भलतंच. हा प्रकार वेडेपणानं होत नाही. खालचा मध्य म्हणजे अंगठ्याच्या टप्प्यातली जागा, लक्ष्मी रोडवरच्या कोपऱ्यावरच्या दुकानासारखी. कंपनीला या वर्षी छोटे व्हिडिओ खपवायचे असतील तर ती जागा व्हिडिओंना मिळते. सवयीनं तिथं दाबणारा आयताच व्हिडिओंवर जाऊन पडतो. मग आम्ही तक्ता बघतो, दाबणारे वाढलेले असतात, आणि मीटिंगमध्ये समोसे येतात. चुकून दाबलेलं आणि मनापासून दाबलेलं, दोन्ही त्या तक्त्यात सारखंच दिसतं.

यावर आत्यानं एकदा जे सांगितलं ते मी ऑफिसच्या फळ्यावर लिहून ठेवलं होतं, कुणीतरी पुसलं. तिचं माहेर सतारमेकर गल्लीला लागून. भोपळे वाळत घातलेले, पॉलिशचा वास, दिवसभर कुणीतरी तार पिळतंय, यात तिचं बालपण गेलं. ती म्हणाली, "अरे, सतारीचे पडदेसुद्धा सरकतात. दोऱ्यानं बांधलेले असतात, राग बदलला की सरकवायचे. पण सरकवतो तो वाजवणारा. सतार करणारा रात्री घरात शिरून सरकवत नाही."

तिच्या स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा चाळीस वर्षं तसाच आहे. मोहरी बाराच्या काट्यावर, हळद चारच्या. वीज गेली तरी फोडणी चुकत नाही.

बोटाच्या बाबतीतही तिचं आणि फोनचं पटत नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवून दिलं की नेमक्या जागी हात पोचायला लागणारा वेळ हा ती जागा किती लांब आणि किती मोठी यावर ठरतो. आमच्या शाळेत लगोरी खेळणाऱ्या कुठल्याही पोरानं हे सांगितलं असतं, पण सूत्र मांडलं फिट्स यांनी. अँड्रॉइडसाठीचे नियम सांगतात की बोटानं दाबायची जागा साधारण ९ मिलिमीटर तरी असावी. आत्याच्या ॲपमध्ये बंद करायची फुली तांदळाच्या दाण्याएवढी आणि जाहिरात पाटाएवढी. हे अनवधानानं होतं असं मी म्हणणार नाही.

त्यातून तिचं बोट सावकाश उठतं. सावकाश उठलेल्या बोटाचा अर्थ फोन "दाबून धरलं" असा घेतो आणि चेहऱ्यांची पट्टी उघडतो. एकदा शेजारच्या गल्लीतल्या एका बाईंच्या निधनाच्या बातमीखाली तिच्याकडून हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा पडला. तिला वाटलं, पाणी आहे म्हणजे रडतोय. संध्याकाळी कुणीतरी लक्षात आणून दिलं. तो काढायचा कसा ते कळेना, म्हणून ती रिक्षा करून त्या घरी गेली, माफी मागितली आणि दीड तास बसून आली. "बरं झालं चुकलं," म्हणाली, "एरवी नुसता अंगठा दाखवून मोकळी झाले असते." अशा वेळी सुधारणा सुचवणाऱ्यानं गप्पच बसावं.

पण एका गोष्टीवर मला गप्प बसवत नाही, ती म्हणजे काळ. शाळेतल्या माझ्या एका मित्राची आई गेली. त्यानं दोनच शब्द लिहिले होते: "आई गेली." मला ते दिसले अकराव्या दिवशी. मधल्या काळात मी रोज ती सेवा उघडत होतो. कलिंगड बघितलं, कुणाचं तरी नवं स्कूटर बघितलं, तीन वर्षांपूर्वीच्या माझ्याच सहलीची आठवण करून दिली गेली. हे दोन शब्द यंत्राला माझ्या कामाचे वाटले नाहीत. फोटो नव्हता, मजकूर छोटा, खाली फारशी वर्दळ नव्हती. दहा दिवसांत जाऊन भेटायचं असतं हे यंत्राला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणि त्या दोन शब्दांखाली लिहिलेलं होतं, "भाषांतर पाहा." का कोण जाणे, मी दाबलं. यंत्रानं त्याला हिंदी समजून इंग्रजी केलं होतं. हिंदीत आई म्हणजे आली. त्या इंग्रजीचा अर्थ होता: ती आली.

मी फोन उलटा ठेवला.

एकेकाळी जे आधी घडलं ते आधी आणि नंतरचं नंतर असा साधा क्रम होता. २०१६ मध्ये इन्स्टाग्रामनं तो सोडला, ट्विटरनंही त्याच वर्षी काय महत्त्वाचं ते स्वतः ठरवायला घेतलं. २०२२ मध्ये इन्स्टाग्रामनं तारखेप्रमाणे बघायची सोय परत दिली, पण वेगळ्या दाराआड. उघडल्याबरोबर दिसतं ते त्यांच्याच क्रमानं. युरोपात आता कायदा आहे: महिन्याला तिथले साडेचार कोटी किंवा जास्त वापरकर्ते असलेल्या सेवेनं, माणसाच्या आवडीनिवडीचा माग न काढता मांडलेला एक तरी पर्याय द्यायलाच हवा. ऑगस्ट २०२३ पासून मोठ्या सेवांना तो लागू झाला. मिरज युरोपात नाही.

म्हणून शेवटी मी ॲपमधल्या "तुमच्या सूचना कळवा" या खिडकीत शिरलो. तिथं पाचशे अक्षरांची मर्यादा. मराठीत लिहायला घेतलं आणि लक्षात आलं की आकडा भलताच भराभर उतरतोय. "आत्या" ही आपल्या लेखी दोन अक्षरं. मोजणाऱ्याच्या लेखी पाच: आ, त, हलन्त, य आणि काना. जोडाक्षरं टाळून लिहावं तर "प्रिय व्यवस्थापक" इथंच अडलो. मोरपीस, सतारीचे पडदे, फुलीचा आकार, सगळं खरडून झालं, आणि "आई म्हणजे माता, मराठीत" हे लिहिताना मर्यादा संपली. मग पडदे काढले आणि आई ठेवली. "आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत" असं लगेच आलं, इतकं लगेच की कुणी वाचलं असण्याची शक्यता नव्हती.

तो फोटो आम्ही पुष्कळ शोधला. १९६६ लिहून शोधलं, शाळेचं नाव आधी मराठीत आणि मग इंग्रजी अक्षरांत घालून शोधलं. दोन्हींचे निकाल वेगवेगळे आणि दोन्हींत फोटो नाही. आत्यानं भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरांत लिहून ठेवलं: वर्गाचा फोटो दिसला. ते पान अजून आहे. कालनिर्णयची जुनी पानं ती मागच्या पाककृतींसाठी ठेवतेच.

कार्तिकात एकदा रात्री साडेदहाला फोन वाजला. लँडलाइन. एवढ्या उशिरा म्हणजे काळजात चर्र झालं.

"आलाय," ती कुजबुजत म्हणाली. मोठ्यानं बोललं तर तो जाईल असं वाटत असावं. "आपणहून आलाय. मी काही केलं नाही."

"हात लावू नकोस."

"कसा लावू नको? पडदा काळा व्हायला लागला की बोट टेकवायला लागतंय." मागून टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. "गॅसही बंद करून आले. आता सांग."

मी तिला आवाज कमी करायचं बटण आणि बाजूचं बटण एकदम दाबायला सांगितलं. एका हातात रिसीव्हर. तो खांद्यात धरला. पहिल्यांदा नुसता आवाज कमी झाला. दुसऱ्यांदा पडदा विझला आणि आम्ही दोघांनीही श्वास धरला. उजेड आला तेव्हा फोटो तिथंच होता. तिसऱ्यांदा खट्ट असा आवाज मला पुण्यात ऐकू आला.

"झालं?"

ती काही बोलेना. बऱ्याच वेळानं म्हणाली, "दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी. एक वेणी पुढं घेतलीय बघ मी."