हातमागाच्या ठोक्यावर बेतलेला चलतपट

घरच्या घरी स्टॉप मोशन चलतपट, म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवत एकेक छायाचित्र टिपून केलेला चलतपट, करायचे ठरवल्यावर विषय शोधायला मला लांब जावे लागले नाही. सोलापूरच्या पूर्व भागात अजूनही काही घरांत हातमाग चालतो, आणि चादर विणणारा एक मातीचा विणकर टेबलावर हलताना दिसावा, एवढीच माझी इच्छा होती. दादासाहेब फाळके यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखवली होती. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीची ती चिकाटी मला आजही थक्क करते.

बहुतेक जण आधी चित्रे टिपतात आणि आवाज शेवटी जोडतात. मी आधी परिचयातल्या एका विणकरकाकांच्या मागाचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित केला, कारण विणकामाचा सगळा डौल त्या ठोक्यात आहे. ठोका साधारण सेकंदाला एक पडत होता. सेकंदाला 12 छायाचित्रे हा वेग धरला, तर एका ठोक्याला 12 छायाचित्रे मिळतात. त्यांची वाटणी मी वहीत आखली: पाय दाबून उभे धागे वेगळे होण्यासाठी 3, धोटा (आडवा धागा वाहून नेणारे लाकडी साधन) या टोकापासून त्या टोकापर्यंत जाण्यासाठी 4, फणीच्या (आडवा धागा ठोकून घट्ट बसवणाऱ्या चौकटीच्या) ठोक्यासाठी 3 आणि क्षणभर थांबण्यासाठी 2. चाळीस सेकंदांच्या चलतपटाला 480 छायाचित्रे लागणार, हे कॅमेरा हातात घेण्यापूर्वीच स्पष्ट झाले.

पुठ्ठ्याच्या छोट्या मागावर सुती दोरा ताणून मी आडवा धागा खरोखरच लोकरीचा घातला. त्यामुळे कापड कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष वाढत गेले, पण दृश्ये मागेपुढे करून टिपण्याची सोय उरली नाही. जवळून दिसणारा धोटा, विणकराचा चेहरा, पूर्ण माग, यांतले काय कोणत्या धाग्यापाशी टिपायचे, हे आधीच ठरवून ठेवावे लागले. या छंदात नियोजनाला मी सर्वाधिक महत्त्व देतो, ते यासाठीच.

बाहुल्याच्या आत ॲल्युमिनियमची तार पीळ देऊन घातली आणि तिच्यावर तेलकट माती चढवली. ही माती वाळत नाही, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी इतकी मऊ पडते की बोटांचे ठसे उमटतात आणि हात खाली झुकतो. शिवाय पंखा लावला की लोकरीचे तंतू हलतात आणि पडद्यावर ते थरथरताना दिसतात. म्हणून मी रात्री उशिरा, पंखा बंद ठेवून काम करत असे आणि मध्ये मध्ये बाहुला डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवत असे.

रात्रीचा आणखी एक मोठा फायदा प्रकाशाचा होता. ढग सरकला तरी दिवसाचा उजेड बदलतो, आणि डोळ्यांना न जाणवलेला तो फरक चलतपटात लुकलुकण्याच्या रूपाने उघडा पडतो. खिडकी झाकून दोन दिवे एकाच जागी ठेवले आणि फोनमधील फोकस, प्रकाशमान (एक्स्पोजर) व रंगसंतुलन हे तिन्ही कुलूपबंद केले. आपल्या विजेची वारंवारिता 50 हर्ट्झ असल्यामुळे अनेक दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात. शटरचा वेग 1/50 सेकंद ठेवल्यावर प्रत्येक चित्रात असे पूर्ण दोन चढउतार आले आणि चित्रांचा उजेड एकसारखा येऊ लागला. अंगात गडद कपडे घालणेही आवश्यक आहे, कारण पांढऱ्या सदऱ्यावरून परतणारा प्रकाश आपण हललो की दृश्यावर सरकतो.

धोट्याच्या 4 चित्रांत सगळी अंतरे सारखी ठेवली नाहीत. सुरुवातीला आणि शेवटी कमी, मध्ये जास्त ठेवले, तेव्हाच तो हाताने फेकल्यासारखा वाटतो. मागचे छायाचित्र फिकट दाखवणाऱ्या ॲपमुळे हे अंतर मोजणे सोपे झाले.

चित्रे आवाजावर बसवल्यानंतर फणी नेमकी ठोक्यावर पुढे आली, आणि ते पाहताना विणकरकाकांनी सर्वांत आधी विणकराच्या पायांकडे लक्ष दिले. धोटा सुटण्यापूर्वी पाय दाबला जातो, हे बरोबर दाखवल्याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले. पुढच्या चलतपटासाठी उखळात शेंगाचटणी कुटण्याचा आवाज मी ध्वनिमुद्रित करून ठेवला असून त्याची आखणी सुरू आहे.