तुम्ही विचारलंत म्हणून: ती बाहुली मी परत का मांडत नाही

‘भुताखेतांवर तुमचा विश्वास नाही, मग ती बाहुली तुम्ही परत का मांडत नाही?’ हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, ग्रंथालयाच्या जिन्यात आणि अलीकडे अनोळखी तरुणांच्या फोनवरूनही विचारला जातो. विचारणाऱ्यांपैकी काहींना मी मनातून घाबरले आहे असे ऐकायचे असते, तर काहींना मी विवेकाच्या गोष्टी करून ऐन वेळी कच खाल्ली असे माझ्याच तोंडून वदवून घ्यायचे असते. दोघांनाही एकदाच उत्तर द्यावे, म्हणून हे लिहीत आहे.

गिरगावातल्या सभागृहात आम्ही जुन्या खेळण्यांचे प्रदर्शन भरवले होते, त्यात माझ्या आईची बाहुली होती, ती ‘रडली’ अशी आवई उठली आणि मी ती प्रदर्शनातून काढून घेतली, एवढे सर्वांना ठाऊक आहे. त्या प्रदर्शनात सावंतवाडीची लाकडी फळे होती, ठकी होती, पितळी भातुकलीचा पूर्ण संच होता, परंतु त्यांच्याविषयी मला आजवर कोणी काही विचारलेले नाही.

आवाज आला होता, हे मी कधीही नाकारलेले नाही. त्या जातीच्या बाहुल्यांचे डोके आणि हातपाय लाकडाचा भुसा व सरस यांच्या लगद्याचे असतात आणि धड कापडी असते. धडाच्या आत एक लहान डबी असते. बाहुली कलती झाली की डबीतले वजन घसरून भाता दाबतो आणि आतली हवा एका पातळ पत्तीवरून बाहेर पडताना ‘मा-मा’ असा आवाज उमटतो. डोळ्यांची उघडझापही अशीच, मागे लावलेल्या वजनाने होते. श्रावणातल्या दमट हवेत धडातले भरण दबले, जड डोके पुढे झुकले, बाहुली आपल्या आधारावरून कलली आणि वाजली. त्या वेळी काचपेटीसमोर एक लहान मुलगी उभी होती. तिला त्याच रात्री ताप भरला. पावसाळ्यात तापाची साथ असतेच, तिच्या वर्गातली आणखीही मुले त्या आठवड्यात घरी होती, पण हे ऐकायला कोणी तयार नव्हते.

पाहता पाहता गर्दी वाढली. काचपेटीसमोर लिंबे आली, टाचण्या टोचलेली काळी बाहुली आली, कोणीतरी खण-नारळाने तिची ओटीही भरली. मला खरे सांगायचे तर या टप्प्यापर्यंत फारशी चिंता वाटली नव्हती. मुंबईत दर शनिवारी दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची बांधली जाते, बांधकामावर काळी बाहुली टांगली जाते, आणि ते करणारी माणसे तेवढ्यामुळे कोणाचे वाईट करत नाहीत. लोक घाबरतील, हात जोडतील, आठवडाभर बोलतील आणि विसरतील, असा माझा हिशेब होता.

सभागृह झाडायला येणाऱ्या मावशी कोकणातल्या होत्या, एकट्या होत्या, विधवा होत्या. रात्री दिवे मालवण्यापूर्वी त्या काचपेट्या पुसत, आणि पेटी उघडी असेल तर बाहुलीचा झगा नीट करताना तिला म्हणत, ‘नीज गो बाय आता.’ हे मी स्वतः ऐकले होते आणि मला ते आवडले होते. माझी आईही तिला असेच काहीसे म्हणायची. तेच शब्द आणखी कोणीतरी ऐकले आणि बाहेर जाऊन सांगितले की, ती बाई त्या बाहुलीशी बोलते. त्यानंतर बाहुलीची चर्चा थांबली आणि मावशींची सुरू झाली. त्या कुठून आल्या, नवरा कशाने गेला, त्यांच्या पिशवीत काय असते, अमावास्येला त्या रजा का घेतात, हे सगळे प्रश्न एका संध्याकाळीत तयार झाले.

त्याच संध्याकाळी मला बोलावणे आले. कार्यालयाच्या खोलीत व्यवस्था पाहणारी मंडळी होती, मुलीचे आईवडील होते आणि ज्यांचा काहीही संबंध नव्हता असे बरेच जण दारात होते. खुर्च्या रिकाम्या असूनही मावशींना उभे ठेवले होते. टेबलावर नारळ होता. ‘काही केलं नसेल तर नारळ हातात घेऊन शपथ घ्या, आमचं समाधान होईल,’ असे त्यांना अगदी मऊ आवाजात सांगितले जात होते. त्या मऊपणाची आठवण मला आजही सहन होत नाही. ओरडाआरडा असता तर विरोध करणे सोपे गेले असते. येथे सगळे सभ्य होते, प्रत्येकजण ‘आमचा विश्वास नाही, पण’ असे म्हणून बोलायला सुरुवात करत होता, आणि त्या ‘पण’च्या पुढे एक बाई हात जोडून उभी होती.

मी बाहुली आणवली. सगळ्यांच्या समोर तिची पाठीकडची शिवण कात्रीने उसवली, भरण बाजूला सारले आणि डबी बाहेर काढली. आईने ती बाहुली जन्मभर जपली होती. तिच्या पाठीत कात्री चालवताना माझा हात थरथरत होता आणि काहींनी त्या थरथरण्याचाही वेगळा अर्थ घेतला, हे मला नंतर कळले. मी डबी तळहातावर कलती केली. ‘मा-मा.’ पुन्हा केली. पुन्हा तोच आवाज. दारातली एक दोन मुले हसली. मला वाटले, झाले, संपले.

मुलीचे वडील म्हणाले, ‘ते बरोबर आहे बाई. पण मग आमची मुलगी समोर असतानाच का वाजली?’

ते दुष्ट गृहस्थ नव्हते. रात्रभर मुलीच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवून त्यांचे डोळे लाल झाले होते, आणि त्यांना यंत्र कसे चालते हे नको होते, आपल्याच लेकराच्या वाट्याला हे का आले याचे उत्तर हवे होते. ते माझ्या डबीत नव्हते. लगेच दुसरे कोणी म्हणाले, ‘आणि ही तिच्याशी बोलते कशाला?’ मावशींनी तोवर नारळ हातात घेतला होता. त्यांनी शपथ घेतली. त्या शपथेने कोणाचेही समाधान झाले नाही, कारण शपथ घेण्याची वेळ आली यातच लोकांना पुरावा दिसत होता.

खाली रस्त्यावर आल्यावर मी त्यांना म्हटले, आपण पोलिसांत जाऊ. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अमुक माणूस करणी किंवा काळी जादू करतो असे सांगून त्याच्याविषयी संशय निर्माण करणे, त्याला त्रास देणे हा त्यात गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद व पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. त्यांनी मान हलवली. नाव कागदावर चढले की गावापर्यंत जाईल आणि तिथे शपथ घ्यायलाही कोणी सांगणार नाही, असे त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘बाई, ही घराक न्हेवा. ही हय आसा तवसर माका कोण कामाक ठेवचो नाय.’

म्हणून मी ती घरी आणली. दुसऱ्या दिवशी ‘बाईंनी घाबरून बाहुली हलवली’ ही बातमी मोहल्लाभर झाली, आणि पुढच्या महिन्यापासून मावशींना कामावर येऊ नका असे सांगण्यात आले. मी नालासोपाऱ्याला त्यांच्या भाच्याकडे जाऊन त्यांना भेटले. त्यांनी चहा केला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि त्या विषयावर एक शब्दही काढला नाही.

यावर मला सांगण्यात येते की, हे आपल्याकडचे मागासलेपण आहे, परदेशात अशा बाहुल्या लोक मजेने पाहतात. मी त्या परदेशी बाहुल्यांविषयी बरेच वाचले आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या की वेस्ट या शहरात फोर्ट ईस्ट मार्टेलो संग्रहालयात रॉबर्ट नावाचा बाहुला १९९४ पासून आहे. त्याची परवानगी न घेता छायाचित्र काढले म्हणून आपल्यावर संकटे आली, असे मानणारे लोक त्याला माफीची पत्रे पाठवतात. तो ज्या ऑटो कुटुंबातल्या मुलाचा होता, त्या घरातल्या, बहामा बेटांवरून आलेल्या मोलकरणीने मालकांवरच्या रागातून मंत्र घालून तो दिला, अशी कथा सांगितली जाते. प्रत्यक्षात तो जर्मनीतल्या स्टाईफ कंपनीचा आहे आणि १९०४ च्या सुमारास मुलाच्या आजोबांनी तो तिकडून आणला असे मानले जाते. म्हणजे जर्मन कारखान्यात शिवलेल्या बाहुल्याचा शाप शंभर वर्षे एका घरकाम करणाऱ्या बाईच्या नावावर आहे. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. गिरगाव आणि की वेस्ट यांच्यामध्ये अर्धी पृथ्वी आहे, तरी भीती शेवटी झाडू हातात असलेल्या बाईपाशीच येऊन थांबली.

ॲनाबेल या ‘झपाटलेली’ म्हणून गाजलेल्या अमेरिकी बाहुलीचेही तेच, थोड्या वेगळ्या रीतीने. सिनेमामुळे ती चिनी मातीच्या भेसूर चेहऱ्याची वाटते, पण खरी ॲनाबेल म्हणजे जॉनी ग्रुएल यांनी १९१५ मध्ये पेटंट घेतलेल्या रॅगेडी ॲन जातीची, लाल लोकरी केसांची साधी कापडी बाहुली आहे. भुताखेतांचा शोध घेणाऱ्या एड आणि लॉरेन वॉरन या जोडप्याने कनेक्टिकटमधल्या मन्रो येथे आपल्या संग्रहालयात ती काचेच्या पेटीत, न उघडण्याच्या इशाऱ्यासह ठेवली. ते संग्रहालय २०१९ मध्ये बंद झाले. २०२५ मध्ये तिला गावोगावी दाखवण्याचा दौरा निघाला आणि जुलैत गेटिसबर्ग येथे त्या दौऱ्यातल्या एका प्रमुख माणसाचा हॉटेलच्या खोलीत मृत्यू झाला. बाहुली त्या खोलीत नव्हती, असे तिथल्या कॉरोनरला, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, जाहीरपणे सांगावे लागले. एका घरातला कर्ता माणूस गेला आणि जगभर चर्चा झाली ती बाहुली कुठे होती याची.

माझ्यातली जुनी मी हे सगळे मान्य करत नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा निषेधाच्या मोर्चात घसा बसेपर्यंत घोषणा देणारी ती बाई मला विचारते की, बाहुली हलवून तू अफवेवर शिक्का मारलास की नाही? ती तिथेच राहिली असती, शिवण उसवलेली, डबी शेजारी ठेवलेली, रोज येणाऱ्या प्रत्येकाला वाजवून दाखवलेली, तर महिनाभरात भीती विटली नसती का? कदाचित विटली असती. तो महिना मावशींनी कुठे काढायचा, हे मात्र ती मला सांगत नाही. आणि मी जेव्हा तिला सांगते की त्यांनी मागितले तेवढे मी केले, तेव्हा ती शांतपणे म्हणते की, तरीही त्यांची नोकरी गेलीच. आमचे भांडण येथवर येते आणि पुढे सरकत नाही.

बाहुली माझ्या कपाटात आहे. शिवण मी पुन्हा घातली आहे, डबी आत आहे. तिची भीती मला वाटत नाही, हे मी कितीही वेळा सांगेन. मागे एकाने भयप्रदर्शनासाठी ती भाड्याने मागितली, चांगले पैसेही देऊ केले. त्याला मी नाही म्हटले, आणि त्या नकाराचे स्पष्टीकरण देण्याची मला गरज वाटत नाही.

एका शाळेने मात्र विज्ञान प्रदर्शनात ती डबीसह, उघडी करून ठेवण्यासाठी मागितली आहे. कल्पना चांगली आहे, मुले हुशार आहेत, आणि माझ्या आईलाही ती मुलांमध्ये असलेली आवडली असती. प्रदर्शन बंद झाल्यावर त्या वर्गाची किल्ली कोणाकडे राहील, वर्ग झाडायला कोण येते आणि उद्या एखाद्या मुलाला ताप आला तर शाळा त्या बाईंच्या बाजूने लेखी उभी राहील का, असे मी मुख्याध्यापिकांना विचारले आहे. त्यांचे उत्तर आल्यावर ठरवीन.