आईचा वॉकर आणि पौर्णिमेची ओहोटी

आईला माहेरी, गुहागरला न्यायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यात आधी कॅलेंडर काढलं. हॉटेल नंतर, गाडी नंतर. आधी तिथी.

आई ८१ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून घरात वॉकर आणि बाहेर व्हीलचेअर. तिला विचारलं, तिकडे जाऊन काय करायचंय? मला वाटलं व्याडेश्वराचं दर्शन म्हणेल. ती म्हणाली, "पाय बुडवायचेत पाण्यात. आणि दर्शन रस्त्यावरून झालं तरी चालेल, देव काही रागावत नाही."

आता व्हीलचेअर आणि वाळू यांचं वैर आहे. कोरड्या वाळूत पुढची छोटी चाकं दोन पावलांत रुततात. ओहोटीनंतर मागे राहणारी ओली, दबलेली वाळू मात्र खुर्ची पेलते. म्हणून भरती-ओहोटीचं गणित, आणि ते आईनेच मला लहानपणी शिकवलेलं: तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. "पंधरा पाऊणे सव्वाअकरा," आई खाटेवरूनच म्हणाली. पाऊणकी अजून तोंडपाठ आहे तिची. सव्वाअकराला भरती म्हणजे संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला ओहोटी. शिवाय पौर्णिमेचं उधाण, त्यामुळे पाणी मागेही चांगलं लांब जातं. ऊन उतरलेलं, वाळू घट्ट. शाकंभरी पौर्णिमा पक्की केली आणि मुक्काम दापोलीजवळच्या मुरुडला, कारण तिथला किनारा सपाट आणि कडक वाळूचा आहे.

पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव, मंडणगड करत निघालो. मी, नवरा आणि आई. पहिल्या दोन तासांत लक्षात आलं की आई पाण्याची बाटली हातात नुसती धरून बसली आहे. म्हाताऱ्या बायका प्रवासात पाणी का पीत नाहीत हे त्यांना विचारायची गरज नसते. पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह म्हणजे ओली फरशी, खाली बसायचं भांडं आणि दाराला कडीच्या जागी सुतळी. आम्ही कमोडची घडीची खुर्ची डिकीत टाकली होती. ती दाखवल्यावर आई आधी लाजली आणि मग माणगावच्या पुढे दोन ग्लास ताक प्यायली. या सहलीतली सर्वांत उपयोगी वस्तू कोणती, तर ती खुर्ची. तिचा फोटो मात्र कोणी काढत नाही.

मुक्कामाच्या ठिकाणी पहिला दणका बसला. फोनवर तीनदा विचारलं होतं, खोली तळमजल्यावर आहे ना? "हो हो, तळमजलाच." खोटं काही नव्हतं. पण कोकणातलं घर जोत्यावर असतं आणि जोतं चढायला पाच पायऱ्या होत्या, उंच, जांभ्याच्या, कठड्याशिवाय. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत आईला बसवून नवरा आणि घरमालकांचा मुलगा दोन्ही बाजूंनी उचलायला आले. आईने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि मान फिरवली. "जावयाने उचलायचं म्हणजे काय गं! दुसरं कोणी नाही का?" शेजारच्या वाडीतल्या गड्याला हाक मारली, जावई बाजूला झाला आणि मगच आई वर गेली. आता मी फोनवर मजला विचारत नाही. गाडीच्या दारापासून पलंगापर्यंत किती पायऱ्या, असं विचारते, आणि व्हॉट्सॲपवर पायऱ्यांचा फोटो मागवते.

पाचला किनाऱ्यावर. रस्ता संपतो तिथून ओल्या वाळूपर्यंत चाळीसेक पावलं कोरडी वाळू होतीच. तिथे दोन युक्त्या कामी आल्या. एक, खुर्ची ढकलायची नाही, उलटी फिरवून ओढायची, म्हणजे मोठी चाकं आधी जातात. दोन, चटया. घरमालकीणबाईंनी दोन चटया दिल्या होत्या. एकीवरून खुर्ची सरकली की मागची उचलून पुढे अंथरायची. दहा-बारा मिनिटं लागली. आई पाठमोरी येत होती, तिला फक्त किनारा मागे जाताना दिसत होता. "समुद्राकडे पाठ करून समुद्रावर चाललेली मी पहिलीच," म्हणाली.

ओल्या वाळूवर आल्यावर खुर्ची फिरवली आणि ती अशी धावायला लागली की मलाच ब्रेक लावावा लागला. पाण्याच्या कडेशी चपला काढल्या, पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडल्या. पहिली लाट पोचेपर्यंत बराच वेळ गेला. मग घोट्यापर्यंत पाणी आलं, परतताना टाचेखालची वाळू घेऊन गेलं, आणि आईने पायाची बोटं आवळली. वॉकर धरून चालताना ती बोटं कधी हलताना पाहिली नव्हती मी. पुढे सूर्य बुडत होता आणि मागे माडांवर चंद्र आला होता. आई दोन्हींकडे फारसं बघत नव्हती. पायांकडे बघत होती.

परतताना महर्षी कर्व्यांचा विषय निघाला, मुरुडात तो निघतोच. भारतरत्न, १०४ वर्षांचं आयुष्य वगैरे नवऱ्याने सांगितलं. आई म्हणाली, "ते इथून साताऱ्याला चालत गेले होते परीक्षेला. आणि लहान दिसतोस म्हणून बसू दिलं नाही. तुमच्या पाच पायऱ्यांचं काय कौतुक!" रात्री खुर्चीची चाकं गोड्या पाण्याने धुतली, तरी सकाळी कुरकुरत होतीच. खोबरेल तेल घातलं.

दुसऱ्या दिवशी दाभोळ. आदिलशाही काळातली मशीद गाडीतूनच पाहिली आणि धक्क्यावर जंगलजेटीच्या रांगेत लागलो. गाडी घेऊन जाणारी ही फेरीबोट २००३ सालापासून वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ ते धोपावे चालते. चिपळूणवरून वळसा घालायचा तर अर्धा दिवस जातो, इथे दहाएक मिनिटं. आणि ज्याला चढ-उतार जमत नाही त्याच्यासाठी सुखाची गोष्ट म्हणजे गाडीतून उतरावंच लागत नाही. आईच्या लहानपणी ही खाडी होडीने ओलांडायची, गुडघाभर पाण्यातून चालत होडीत चढायचं. ती तेच सांगत होती आणि मी काच खाली केली, तर शेजारी कोंबड्यांचा टेम्पो येऊन उभा राहिला. दहा मिनिटं आईने खाडीऐवजी कोंबड्या पाहिल्या.

गुहागरात व्याडेश्वराला रस्त्यावरून हात जोडले आणि मामाच्या घरी गेलो. मी दुपारचा कार्यक्रम आखून ठेवला होता: हेदवीचा दशभुज गणपती, येताना वेळणेश्वर. आईला पडवीत बसवलं आणि मामी परातभर मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून समोर आली. डाळिंब्या सोलायच्या होत्या. आईने मामीला विचारलंही नाही, परात ओढली. अंगठा आणि तर्जनीत वाल धरून हलकेच चेपला की सालातून डाळिंबी सुळकन बाहेर येते, ती मोडायची नाही. मी दहात दोन मोडत होते. आईची एकही मोडली नाही. दोघी नणंदा-भावजया दोन तास बोलत होत्या, मध्येच हसत होत्या, एकदा डोळे पुसले. हेदवी राहिलं. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. ओक-गोखल्यांकडे कोण कोण उरलं याचा हिशेब त्या परातीवर झाला तो मला कुठल्याच आखणीत बसवता आला नसता.

परतीला धोपाव्याच्या धक्क्यावर मी आधीच जाऊन जेटीवरच्या माणसाला गाठलं. "दादा, आई उतरू शकत नाही, गाडी कडेला लावू द्या ना, पाण्याच्या बाजूला." त्याने आत डोकावून आईला पाहिलं, दोन जीपवाल्यांना थांबवलं आणि आम्हाला आधी घेतलं. अगदी कठड्याला लागून. काच पूर्ण खाली, वारा, खाडी, बगळे, मागे पडणारं धोपावं. मी पुढच्या सीटवरून वळून बघितलं.

आई गाढ झोपली होती. हाताला वालाचा वास येत होता.