सीफर्ड ते ईस्टबर्न: सेव्हन सिस्टर्सच्या कड्यांवरून बाबांबरोबर एक दिवस

बाबा दोन महिन्यांसाठी आलेत, लंडनची म्युझियम बघून झाल्यावर म्हणाले आता एखादा डोंगर दाखव, म्हणून जूनमधल्या एका शनिवारी आम्ही ससेक्सच्या समुद्रकिनाऱ्यावर सीफर्ड ते ईस्टबर्न चाललो. साधारण २१ किलोमीटर, आम्हाला थांबत थांबत नऊ तास लागले. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून ट्रेन, लुईसला बदलायची, दीडेक तासात सीफर्ड. उलट दिशेने करू नका, वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो त्यामुळे सीफर्डहून निघालं की तो पाठीवर राहतो, आणि परतीला ईस्टबर्नहून डायरेक्ट गाडी आहे.

सीफर्डचा बीच संपला की चढ लागतो आणि वर गेल्यावर पलीकडे एकदम ते सगळे पांढरे कडे ओळीने दिसतात, पुढे कोस्टगार्डची जुनी घरं. बाबा तिथे दहा मिनिटं नुसते उभे होते. घरांच्या खाली ककमिअर नदी समुद्राला मिळते, आणि समोरचा कडा इतका जवळ दिसतो की नदीतूनच पार जावंसं वाटतं. जाऊ नका. नदीकाठाने आत एक्सीटच्या पुलापर्यंत जायचं आणि दुसऱ्या काठाने परत यायचं, तीन-चार किलोमीटर वाढतात पण रस्ता सपाट आहे. एक्सीटला व्हिजिटर सेंटर आहे, तिथे पाण्याच्या बाटल्या भरून घ्या, कारण यापुढे बर्लिंग गॅपपर्यंत काहीच नाही, दुकान नाही, एक झाड नाही. ऊन आपल्यासारखं भाजत नाही म्हणून लोक टोपी आणत नाहीत आणि संध्याकाळी मान लाल होते.

मग खऱ्या सिस्टर्स, म्हणजे कड्यांवरच्या ओळीने लागणाऱ्या टेकड्या. पहिली हेवन ब्राऊ सगळ्यात उंच, ७७ मीटर. आकडा छोटा वाटतो पण चढायचं, उतरायचं, परत चढायचं असं सतत चालू राहतं, आणि मोजत गेलात तर टेकड्या सात नाही आठ भरतात. सह्याद्रीत फिरलेल्यांना दम लागणार नाही, गुडघे मात्र बोलतात. उतारावर काठी हवीच, बाबांकडे होती, मी आणली नव्हती.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, कड्याच्या धारेजवळ जाऊ नका. कुंपण जवळजवळ कुठेच नाही आणि वरून हिरवंगार गवत दिसतं, पण खालून समुद्राने दगड पोखरलेला असतो, कधी कधी पायाखाली नुसती हवा असते आणि ते वरून कळत नाही. दरडी कुठलीही सूचना न देता कोसळतात. फोटोसाठी लोक पाय सोडून बसले होते, बाबांनी दोन मुलांना स्वतः जाऊन मागे बोलावलं. खाली बीचवरही कड्याला टेकून बसू नका.

बर्लिंग गॅपला कॅफे, टॉयलेट आणि बीचवर जायला जिना आहे (किनारा झिजतोय त्यामुळे जिना कधी कधी बंद असतो, भरती-ओहोटीची वेळही आधी बघा). तिथे आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. बाबा तीस वर्षं शाळेत शिकवत होते. हा कडा म्हणजे खराखुरा खडू, साडेआठ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळांच्या कवचांचा, आपल्या फळ्यावरचा खडू बहुतेक जिप्समचा असतो. त्यांनी बीचवर पडलेला एक तुकडा उचलला, एका काळ्या गारगोटीवर वरच्या कोपऱ्यात वार आणि दिनांक लिहिला, आणि दोन्ही तिथेच ठेवून आले.

यापुढे सगळ्यात मोठा चढ आहे, त्यासाठी पायात ताकद शिल्लक ठेवा. आधी बेल टूट दीपगृह लागतं, कडा झिजत झिजत जवळ आला म्हणून १९९९ मध्ये ही अख्खी इमारत १७ मीटर मागे सरकवली. मग बीची हेड, १६२ मीटर, ब्रिटनमधला सगळ्यात उंच खडूचा कडा. खाली समुद्रात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं १९०२ चं दीपगृह इतकं लहान दिसतं की उंची तेव्हा कळते.

ईस्टबर्नकडचा शेवटचा उतार तीव्र आहे, पाऊस झाला असेल तर घसरडाही होतो, ग्रिप असलेले बूटच घाला. खाली उतरल्यावर स्टेशन अजून अर्धा-पाऊण तास लांब आहे, ते धरून गाडी ठरवा. जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो त्यामुळे घाई नाही. आम्हाला सातनंतरची गाडी मिळाली, बाबा लुईसच्या आधीच झोपले.