चौथ्या मायक्रोस्कोपखालची स्लाइड

हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे ऊतिशास्त्राच्या, स्पॉटिंगमध्ये (स्लाइड बघून ऊती ओळखण्याच्या परीक्षेत) एका मायक्रोस्कोपपाशी विद्यार्थ्याला जेमतेम एक-दोन मिनिटं मिळतात. घंटा वाजली की पुढे सरकायचं. तेवढ्या वेळात बरीच मुलं ऊती ओळखतच नाहीत, स्लाइड ओळखतात. वरच्या पातळ काचेचा, कव्हरस्लिपचा, उडालेला कोपरा, रंगाची छटा, तुकड्याचा आकार बघून उत्तर ठोकून देतात.

त्या दिवशी चौथ्या मायक्रोस्कोपखाली टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, होता. लेबलवर तसं होतं, उत्तरसूचीतही तेच. जवळजवळ सगळ्यांनी टेंडन लिहिलं. एकीनं मात्र लिहिलं, ‘स्मूथ मसल. केंद्रकं तंतूंच्या आत आहेत.’ स्मूथ मसल म्हणजे आतड्यासारख्या अवयवांच्या भिंतीतला, आपोआप चालणारा स्नायू. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मायक्रोस्कोपला डोळा न लावता फुली मारली.

मी त्या कारणापाशी अडलो, कारण खरी मेख तिथेच आहे. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या स्टेनमध्ये (रंगात) दोन्ही गुलाबी, दोन्हींत समांतर पट्टे. पण टेंडनमध्ये ते पट्टे कोलॅजन या प्रथिनाचे जुडगे असतात आणि फायब्रोब्लास्टची, म्हणजे ते तंतू बनवणाऱ्या पेशींची, चपटी, गडद केंद्रकं जुडग्यांच्या फटींत चेंगरून ओळीनं बसलेली असतात. स्मूथ मसलमध्ये प्रत्येक धागा म्हणजे अख्खी पेशी. केंद्रक तिच्या पोटात, लांबट, टोकांना बोथट. पेशी आकसलेली असेल तर स्क्रूसारखं पिळलेलं.

परीक्षा आटोपल्यावर ती स्लाइड ४० च्या लेन्सखाली घेतली. फाइन फोकस फिरवत गेलो आणि पिळलेली केंद्रकं एकामागून एक दिसू लागली. कडेला काही पेशी आडव्या कापल्या गेल्या होत्या. लहानमोठे गोल, त्यांतल्या मोजक्यांच्याच मधोमध केंद्रक. टेंडनच्या आडव्या छेदात असं दिसत नाही.

तरी पुरावा हवा होता. आमच्या तंत्रज्ञांनी लेबलवरच्या नंबरावरून मेणात बसवलेल्या ऊतीचा जुना ब्लॉक हुडकून काढला, ५ मायक्रॉनचे छेद घेतले, एकही सुरकुती न पडू देता पाण्यावरून उचलले आणि शेजारी खात्रीचा टेंडन ठेवून मॅसन ट्रायक्रोम स्टेन केलं; त्यात कोलॅजन निळं आणि स्नायू लाल दिसतो. या माणसांच्या हातावर सगळा विभाग चालतो आणि त्यांचं नाव कुणी घेत नाही. खात्रीचा टेंडन निळाशार आला. चार नंबरचा तुकडा लालभडक, मध्ये निळ्या कोलॅजनच्या बारीक रेषा.

मुलीला गुण मिळाले. ‘सर, मला पण खात्री नव्हती, पण दिसलं ते लिहिलं,’ एवढंच ती म्हणाली.

आमची शिकवण्याची पद्धतच याला जबाबदार आहे, असं मला वाटतं. इलॅस्टिक तंतू व्हेरहॉफ स्टेनमध्ये काळे दाखवतो, रेटिक्युलर तंतू चांदीच्या स्टेनमध्ये. मुलं रंग पाठ करतात. मग हेच इलॅस्टिक तंतू असलेला इलॅस्टिक कार्टिलेज (कूर्चा) साध्या स्टेनमध्ये समोर आला की बिनदिक्कत हायलिन, म्हणजे तसे तंतू नसलेला कूर्चा, लिहून मोकळी होतात.

लेबलवरचं अक्षर कुणाचं, विभागात कुणालाच ओळखता आलं नाही. आधीच्या बॅचमध्ये कुणी बरोबर लिहून गुण गमावले असतील, तर ते आता कळायला मार्ग नाही. विभागप्रमुख म्हणतात, स्लाइड बदला आणि विषय संपवा. मला ते पटत नाही. ती स्लाइड पुढच्या परीक्षेतही लावावी आणि प्रत्येक स्पॉटला अर्धे गुण नावाला, अर्धे कारणाला द्यावेत, असं मी लेखी दिलं आहे. तपासायला वेळ कुठून आणायचा, यावर गाडी अडली आहे.