शंभर मीटरचं वेटोळं

परवा व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, "दिवसभर तिथे करतेस तरी काय?" मी टेबलावरचं फायबरचं, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूचं, वेटोळं उचलून दाखवलं. "अगं, ही तर इंटरनेटवाल्याची वायर!"

दिसायला तशीच. पण आम्ही तिच्यातून प्रकाशाचे रंग मोजतो.

सांगलीला बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला अंधाऱ्या खोलीत सोडियमचा दिवा लावून आम्ही स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करून मोजणाऱ्या यंत्रावर, डोळा लावायचो. ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या (हिच्यावरूनच रंग ठरतो) दोन पिवळ्या रेषा सुट्या दिसल्या की केवढा आनंद! अंतर किती, तर ०.६ नॅनोमीटर. याहून बारीक मोजायचं तर ग्रेटिंगपासून, म्हणजे रंग सुटे करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीपासून, प्रकाशाला लांब जाऊ द्यावं लागतं, म्हणून यंत्र मोठं आणि महाग होतं.

इथे अमेरिकेत न्यू हेवनमध्येच, येल विद्यापीठात, हुई त्साओ आणि ब्रँडन रेडिंग यांनी ही लांबी गुंडाळूनच टाकली. जाड गाभ्याच्या मल्टिमोड फायबरमधून प्रकाश शेकडो वाटांनी जातो. टोकाला त्या वाटा एकमेकींत मिसळतात आणि कॅमेऱ्यावर उजळ-काळ्या ठिपक्यांची नक्षी उमटते. तरंगलांबी जराशी बदलली की नक्षी बदलते. प्रत्येक तरंगलांबीची नक्षी आधी नोंदवून ठेवायची, मग अनोळखी प्रकाशाच्या नक्षीवरून संगणक त्यातले रंग शोधून काढतो. २०१४ साली त्यांनी १०० मीटर फायबरने १५०० नॅनोमीटरजवळ १ पिकोमीटरचा, म्हणजे नॅनोमीटरच्या हजाराव्या भागाचा, फरक ओळखून दाखवला. माझ्या सोडियमच्या अंतराचा सहाशेवा भाग! एरवी ज्या ठिपक्यांना गोंगाट म्हणून हटवायची धडपड असते, त्यांच्यातच सगळी माहिती दडलेली, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

फायबर स्वस्त आहे. मात्र १५०० नॅनोमीटरला, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाला, चालणारा कॅमेरा महाग पडतो. दृश्य प्रकाशाला साधा पुरतो. आणि हे वेटोळं फार हळवं. गेल्या सोमवारी खोली गार पडली होती, तर शुक्रवारी तीन तास बसून केलेल्या नोंदी जुळेनात. सगळं पुन्हा केलं. आता वेटोळं थर्माकोलच्या डब्यात ठेवते.

त्याच गटाने ४ सेंटिमीटरच्या तुकड्यावर ४०० ते ७५० नॅनोमीटरचा पूर्ण पट्टा १ नॅनोमीटरच्या बारकाईने मोजला आहे. सोडियमच्या रेषा सुट्या करायला तेवढं पुरणार नाही, तुकडा लांब हवा. डिसेंबरात घरी येताना मीटरभर फायबर बॅगेत आणणार आहे. कॉलेजातल्या सरांना फोन करून विचारलं, सोडियमचा तो दिवा अजून चालू आहे म्हणे.